दुःखीमातेचा दुसरा चेहरा

त्या शुक्रवारी माझ्या आजोळी पाच माणसं जेवायला बसली आणि त्यातल्या चौघांनी जेम्मामावशीच्या तोंडाकडे एकदाही बघितलं नाही. मीठ हवं असलं तरी मिठाच्या भांड्याकडे बघून मागत होते.

"कालवण छान झालंय," मावशी म्हणाली. "रोमला खारा कॉड मासा मिळतो, पण त्याला ही चव नाही."

"त्यातल्या केपरच्या आंबट कळ्या आपल्या मागच्या भिंतीवरच्या आहेत," माझी आई कॉन्सिल्या म्हणाली. "म्हणून असेल." आणि तिने मावशीच्या ताटात न विचारता आणखी एक तुकडा वाढला. सकाळपासूनचा तिचा हा चौथा पाहुणचार. मावशी काल संध्याकाळच्या विमानाने आली, तेव्हापासून आई तिला नुसती खाऊ घालत होती.

मी तेव्हा आईच्या पोटात होते, सातवा महिना. तरीही मी हे डोळ्यांनी पाहिल्यासारखं सांगते, कारण ही गोष्ट घरातल्या प्रत्येकाने मला वेगवेगळ्या वेळी सांगितली आहे आणि प्रत्येकाने आपला दोष तेवढा थोडा कमी करून सांगितली आहे. जे त्यांनी कमी केलं ते मी परत घालते, एवढंच.

"आईला उचलून खिडकीशी किती वाजता बसवायचं?" मावशीने वर अंथरुणाला खिळलेल्या आजीबद्दल विचारलं. "दुःखीमातेची मिरवणूक चर्चमधून सहाला निघते ना? म्हणजे आपल्या दाराशी यायला सात."

आजोबांनी, म्हणजे विस्तिन बाहुलीवाल्यांनी, पावाचा तुकडा तेलात बुडवला आणि तो तेलातच धरून बसले.

"मातेला अजून वळवतात ना आजारी माणसाच्या खिडकीकडे? का ती रीतही बंद केलीत?"

"तसं नाही," नेनूमामा म्हणाला. तो मातेची मूर्ती खांद्यावर नेणाऱ्या आठ वाहकांपैकी एक, डाव्या बाजूचा दुसरा. "पण या वर्षी आपल्या गल्लीतून नेणं कठीणच दिसतंय. रस्ता खणलाय गं."

"कुठे खणलाय? काल रात्री मी त्याच रस्त्याने आले की."

"आज सकाळी खणला," मामा म्हणाला आणि लाल झाला. आमच्या मामाला खोटं बोलता येत नाही. बिचारा प्रयत्न मात्र आयुष्यभर करत आला.

पॉलिनामामी खुदकन हसली. तिला मावशीचा राग होता, आणि नवऱ्याचा त्याहून जास्त, कारण ज्या सिनेमावरून हे सगळं रामायण झालं तो नेनूमामा चोरून दोनदा बघून आला होता. "पहिल्यांदा ती आपलीच जेम्मा आहे का याची खात्री करायला गेले," मामी सगळ्यांना सांगायची, "आणि दुसऱ्यांदा लाज वाटून घ्यायला." चर्चच्या दारातल्या फळ्यावर त्या सिनेमाचं नाव सर्वांत खालच्या रकान्यात होतं, म्हणजे कोणीही बघू नये असा. त्यामुळे अर्धा गाव बसने राजधानी व्हॅलेटाला गेला आणि परतताना एकमेकांना ओळख न देता वेगवेगळ्या थांब्यांवर उतरला.

सिनेमात काय होतं म्हणाल, तर मावशी बंदरावरची एक बाई झाली होती आणि ती आतल्या झग्यावर खिडकीशी उभी राहून अंग पुसते. सहा मिनिटं. नवव्या वर्षापासून जिने बॅले नाचासाठी रक्ताचं पाणी केलं, सोळाव्या वर्षी जी लंडनला गेली, आठ वर्षं मोठ्या रंगमंचावर पायाच्या बोटांवर उभी राहिली, तिची गावाला आठवण राहिली ती त्या सहा मिनिटांची.

पण नुसती तीच गोष्ट असती तर महिनाभर कुजबुजून गाव गप्प बसलं असतं. खरी गोम दुसरीच होती. दहा वर्षांपूर्वी गावाने आजोबांकडून दुःखीमातेची, म्हणजे शोक करणाऱ्या मरियामातेची, नवी मूर्ती करून घेतली. कागदाचा लगदा, त्यावर सरस-खडूचे थर, त्यावर रंग. आमच्या घराण्याचा तीन पिढ्यांचा हा धंदा, म्हणून गाव आम्हाला बाहुलीवाले म्हणतं. लेक परदेशी निघाली त्या वर्षी आजोबांनी मातेला लेकीचा चेहरा दिला. कोणाला सांगितलं नाही. आणि दहा वर्षं बायका त्या चेहऱ्यापुढे मेणबत्त्या लावत राहिल्या, रडत राहिल्या, नवस बोलत राहिल्या.

मग या फेब्रुवारीत आमचे पाद्री डुन मत्तेव आजोबांच्या कारखान्यात आले, दार लावून घेतलं आणि म्हणाले, "विस्तिन, मातेचा चेहरा बदलायचा. शोकाच्या शुक्रवारच्या मिरवणुकीच्या आत."

आजोबांनी बदलला. नवा चेहरा माझ्या आईचा. थोरल्या लेकीचा, जी घरी राहिली, जिने आईचं दुखणं काढलं. आता हे पंक्तीतल्या चौघांना ठाऊक होतं आणि पाचवीला नव्हतं.

आणि पाचवी आली होती नवस फेडायला. नोव्हेंबरात आजीला अर्धांगाचा झटका आला, तेव्हा तिने रोमहून तार केली होती: आई वाचली तर मातेच्या मागे अनवाणी चालेन.

---

"मी सांगते तिला," मामी स्वयंपाकघरात म्हणाली. "तुम्हा सगळ्यांच्या जिभेला काय लकवा मारलाय? तिकडे रस्त्यात, चारचौघांत बघेल तेव्हा काय तमाशा होईल, याचा विचार केलाय?"

"तू नाही सांगायचंस," आई म्हणाली.

"का? माझ्या तोंडाला कुलूप का?"

"तुझ्या तोंडून तिला ते बोचेल, पॉलिना."

"आणि तुझ्या तोंडून गोड लागेल? मग सांग की! कालपासून बदामाच्या वड्या भरवतेस, अंडी फेटून देतेस. तेवढ्यात दोन शब्द सांगून झाले असते."

नेनूमामा दारात उभा होता. "भांडू नका गं, वर आईला ऐकू जाईल. हे बघा, मागून चालणाऱ्याला काय दिसतं? मातेचा निळा झगा. पाठ. चर्चपर्यंत पाठच दिसणार. प्रश्न फक्त आपल्या खिडकीचा. तिथे वळवली की चेहरा दिसणार. तेवढं वळवणं टाळलं की झालं. मी म्होरक्याशी बोलतो."

"आणि सासूबाई?" मामीचा आवाज एकदम उतरला. "पाच महिने त्या अंथरुणात पडून एकच गोष्ट म्हणतायत, शुक्रवारी माता दाराशी येईल. सकाळी माझ्याकडून केस विंचरून घेतले त्यांनी. कानात डूल घालून मागितले."

मामी तोंडाची फटकळ, पण सासूचं हगणं-मुतणं दुपारच्या पाळीला तीच काढायची, हे सांगितलं पाहिजे.

"मला एक कळत नाही," मामी थोड्या वेळाने म्हणाली. ती ताट पुसत होती. "डुन मत्तेवना कळलं कसं? मी दहा वर्षं त्या मातेसमोर गुडघे टेकतेय. मला कधी वाटलं नाही, ही आपली जेम्मा. डोळे मिटलेले, डोक्यावर पदर, गालावर अश्रू. कोण ओळखणार?"

"पोस्टर बघून कळलं असेल," आई म्हणाली.

"पोस्टरवर तिची पाठ आहे, कॉन्सिल्या."

आईच्या हातात कपबशी होती. ती फुटली वगैरे नाही. आईने ती नीट फडताळात ठेवली आणि फडताळाकडे तोंड करून म्हणाली, "मग मला काय ठाऊक?"

मामीने तिच्या पाठीकडे बघितलं. नंतर मला मामीने सांगितलं, "त्या क्षणी मला कळलं गं तुझ्या आईचं. आणि कळलं म्हणून मीच मेल्याहून मेल्यासारखी झाले." तिने ओलं फडकं पिळून दोरीवर टाकलं आणि वर सासूकडे गेली. आईवर सूड उगवायची याहून चांगली संधी तिला जन्मात मिळाली नसती, पण तिने घेतली नाही.

आता माझ्या आईचं सांगते.

दहा वर्षांपूर्वी मूर्तीसाठी मावशी बसायची तेव्हा त्या खोलीत दिवा धरायला आई असायची. एकोणीस वर्षांची. तीन आठवडे, रोज संध्याकाळी, हात अवघडेपर्यंत. आजोबांनी एकदाही म्हटलं नाही, कॉन्सिल्या, जरा तू बस, तुझी हनुवटी बघू. पुढे मावशी लंडनला गेली. तिची पत्रं यायची, वर्तमानपत्रातले फोटो यायचे, आजी ते शेजारणींना दाखवायची. आई लग्न होऊन तीन घरं सोडून राहायला गेली आणि रोज सकाळी माहेरी येऊन चूल पेटवायची. त्याचे फोटो कोण काढतं?

सिनेमा आला. गाव कुजबुजायला लागलं. आई म्हणते, तिला खरंच भीती वाटली, मातेची विटंबना होतेय म्हणून. मी म्हटलं, ठीक आहे, तसं असेल. मग तू ते पापकबुलीच्या पेटीत गुडघ्यावर बसून का नाही सांगितलंस? तिथे सांगितलेलं पाद्रीच्या पोटातच राहतं. त्याला ते वापरता येत नाही, कोणाला सांगता येत नाही, त्यावरून बोटही उचलता येत नाही. हे आमच्याकडे सात वर्षांच्या पोरीलाही ठाऊक असतं.

आई पेटीपर्यंत गेली होती. रांगेत बसली होती. तिचा नंबर आला, आणि ती उठून वेदीमागच्या खोलीत गेली, जिथे डुन मत्तेव कपडे बदलत होते, आणि तिने ते उभ्याने सांगितलं.

"किती अंतर होतं?" मी एकदा विचारलं होतं.

"असतील दहा पावलं," आई म्हणाली. मग म्हणाली, "त्या दहा पावलांत मला परत फिरता आलं असतं. मी मोजून टाकली ती."

---

कारखाना घराच्या मागच्या अंगणात. दुपारी मावशी तिथे गेली तेव्हा आजोबा एका संताच्या बोटांना सरस लावत बसले होते.

"पाय दाखव," ते म्हणाले.

"कशाला?"

"अनवाणी दोन तास चालायचंय. कालपासून लंगडतेयस, बघतोय मी."

मावशीने मोजे काढले. घरात तिने कधी पाय उघडे टाकले नव्हते, उन्हाळ्यातसुद्धा. अंगठे बाहेर वाकलेले, गाठी आलेल्या, दोन नखं नव्हतीच, डाव्या घोट्यावर टाक्यांची रेघ. आजोबांनी पाय मांडीवर घेतला आणि मूर्तीचा तपासावा तसा फिरवून बघितला.

"हे नाचण्याने झालं?"

"नाचण्याने झालं. आणि मग नाचणंच गेलं." ती हसली. "तुम्हाला वर्षभर पत्रात लिहीत राहिले ना, या महिन्यात अमुक नाच, त्या महिन्यात तमुक. सगळं खोटं. घोटा तुटून चौदा महिने झाले होते. खोलीचं भाडं भरायला सिनेमात गेले. तिथे कोणाला माझे पाय नको होते बाबा, चेहरा हवा होता."

आजोबांनी टाक्यांच्या रेघेवरून अंगठा फिरवला.

"तुम्ही बघितलात तो सिनेमा?"

"बघितला," आजोबा म्हणाले. "शेवटच्या रांगेत बसलो. नेनूची टोपी घालून."

मावशीच्या मानेपर्यंत लाली चढली. रोममध्ये तिला या सहा मिनिटांची लाज कधी वाटली नव्हती. तिथे थंडी होती, दिवे होते, वीस माणसं सिगरेटी ओढत उभी होती, आणि ते एक काम होतं. आता बापाच्या मांडीवर पाय ठेवून बसलेली असताना तिला धरणी दुभंगावी असं झालं.

"त्या झग्याचं मला काही वाटलं नाही," आजोबा हळूच म्हणाले. "मी मूर्तिकार आहे, अंगं बघितलीत मी. पण तू बोललीस तेव्हा तो तुझा आवाज नव्हता. कोणा दुसऱ्याच बाईचा."

"माझं इटालियन त्यांना गावठी वाटलं. नंतर माझे शब्द दुसऱ्याच बाईकडून बोलून घेतले."

"माझ्या लेकीच्या तोंडातून परकी बाई बोलतेय, ते मला बघवलं नाही. मी उठून आलो."

मावशीने तोंड फिरवलं. ज्याची तिला खरी लाज होती तिथेच बापाने नेमकं बोट ठेवलं होतं. पाय गेले, आवाज दुसरीचा, उरला तो चेहरा.

तोंड फिरवलं म्हणून तिला भिंत दिसली. त्या भिंतीवर दहा वर्षं तिच्या चेहऱ्याचा चुन्याचा साचा टांगलेला असायचा. सोळा वर्षांची, डोळे मिटलेली. आता तिथे खिळा होता, नुसता. आणि खाली फळीवर ओल्या फडक्याखाली दुसरा साचा होता. फडकं लहान पडलं होतं आणि हनुवटी बाहेर आली होती. रुंद, मध्ये खळी असलेली, माझ्या आईची.

आजोबांनी ती काय बघतेय ते बघितलं. सांगायला त्यांना एवढंच हवं होतं की पोरी, मला खरवडता आलं नाही. आमच्या धंद्यात जुना रंग, जुना थर मुळापासून खरवडल्याशिवाय नवा चढवत नाहीत, नाहीतर तो धरत नाही. चाळीस वर्षांचा हा कारागीर. फेब्रुवारीत नेनूमामा शेजारी उभा होता आणि पातं हातात देत होता. आजोबांनी तीनदा घेतलं आणि तीनदा खाली ठेवलं. शेवटी तसाच, तिच्या चेहऱ्यावरच, थोरलीचा चेहरा लिंपला. धाकटीला खोडलं नाही आणि थोरलीला धड जागा दिली नाही. आज जाऊन बघा, मातेच्या डाव्या गालावर केसाएवढी भेग आहे. दर दोन वर्षांनी मामा ती बुजवतो आणि दर दोन वर्षांनी ती परत येते.

यातलं काहीही आजोबा बोलले नाहीत. "पायाला जप," ते म्हणाले. "चौकातले दगड खडबडीत आहेत."

"जपते," मावशी म्हणाली आणि मोजे घालायला लागली.

---

सहाला माता निघाली. पुढे बँड, मग मेणबत्त्या घेतलेली मुलं, मग आठ वाहकांच्या खांद्यावर माता, मग डुन मत्तेव, आणि मग अनवाणी चालणाऱ्या बायका, दीड-दोनशे. काहींनी प्रायश्चित्त म्हणून घोट्याला साखळ्या बांधलेल्या. आई आणि मावशी शेजारी-शेजारी. आईला सगळ्यांनी सांगितलं होतं, सातवा महिना आहे, तू नको चालूस. ती म्हणाली, मी चालणारच.

गावातल्या बायकांनी आधी मावशीच्या चेहऱ्याकडे बघितलं. मग एकीने खाली बघितलं, तिने दुसरीला कोपराने ढोसलं. चार पावलांत ते पाय सगळ्यांनी बघितले. बेकरीवाल्याची म्हातारी मार्चेल, जिने काल मावशीच्या तोंडावर दार लावून घेतलं होतं, ती तिच्या बाजूला आली आणि म्हणाली, "पोरी, माझा खांदा धर." मावशीने धरला.

आईला हे सगळं दिसत होतं. पुढे निळा झगा डुलत होता. झग्याच्या पलीकडे तिचा स्वतःचा चेहरा होता, आणि लोक दोन्ही बाजूंच्या सज्ज्यांतून त्याच्याकडे बघून छातीवर क्रूसाची खूण करत होते. हे तिला आयुष्यभर हवं होतं. आता मिळालं होतं, आणि तिला वाटत होतं कुठल्या तरी दारात शिरावं आणि आतून कडी लावावी.

पुढे नेनूमामा म्होरक्याशी कुजबुजत होता. म्होरक्या इन्द्री, गोदीतला लोहार. त्याचं उत्तर मागच्या रांगेपर्यंत ऐकू आलं.

"आजारी बाईच्या दारावरून मातेला पाठ करून नेऊ? नेनू, तुझी आई आहे ती! माझ्या खांद्याला किडे पडतील!"

"अरे पण..."

"खांदा दे आणि गप चाल."

आमच्या गल्लीशी बँड थांबला. खिडकीत दोन दिवे लावले होते, सज्ज्यावर लाल कापड टाकलं होतं. आजी उशांच्या आधाराने बसली होती, केस विंचरलेले, कानात डूल. मागे मामी. अर्धांगाने आजीचा उजवा हात नेला होता आणि मधूनच तिचं भान सुटायचं, पण डोळे घारीसारखे होते आणि आवाज तर अजिबात गेला नव्हता. खाली दाराशी आजोबा टोपी हातात घेऊन उभे होते. ते वर बघत नव्हते.

इन्द्रीने काठी दगडावर आपटली. वाहकांनी पावलं बदलली. माता हळूहळू वळली. आधी कान दिसला, मग गाल, मग रुंद हनुवटी, मध्ये खळी. रस्त्यावर तीन-चारशे माणसं आणि मेणबत्त्यांचा चटचट आवाज, बाकी शांतता.

आईने मावशीकडे बघितलं नाही. तिने आजीकडे बघितलं.

आजी पुढे वाकली. डोळे बारीक केले. मग तिचं तोंड उघडलं.

"कॉन्सिल्या!"

सगळी गल्ली दचकली.

"अगं कॉन्सिल्या, तू तिथे वर काय करतेस? पोटुशी बाई तू! उतर खाली! पडशील!"

मुलांतलं कोणीतरी हसलं आणि कोणीतरी त्याला चापटी मारली. डुन मत्तेव प्रार्थनेचं पुस्तक उघडून त्यात बघायला लागले. वाहकांच्या खांद्यांवर माता तशीच होती, माझ्या आईच्या चेहऱ्याने, आणि आता एकेक मान वळायला लागली. लोक मातेकडे बघायचे, मग रस्त्यात उभ्या असलेल्या आईकडे, मग परत मातेकडे. ज्यांना कळलं नव्हतं त्यांना शेजारच्यांनी सांगितलं.

"ऐकलंस का गं?" आजी रडकुंडीला आली. "विस्तिन, तिला उतरवा ना! तुम्ही तिला तिथे का चढवलंत?"

आजोबांनी टोपीने तोंड झाकून घेतलं. आमच्या गावात कोणी त्यांना त्याआधी रडताना बघितलं नव्हतं.

आई मावशीकडे वळली.

"मी सांगितलं," ती म्हणाली. "जेम्मा, मी सांगितलं डुन मत्तेवना. तुझा चेहरा आहे म्हणून. मीच."

"ठाऊक आहे," मावशी म्हणाली.

"कोणी सांगितलं?"

"कोण सांगणार? दुपारी साचा बघितला. माझा साचा घेतला तेव्हा खोलीत आपण तिघंच होतो. बाबा, मी, आणि दिवा धरून तू."

"मग दुपारपासून बोलली का नाहीस?"

"तू सांगशील म्हणून वाट बघत होते," मावशी म्हणाली. तिच्या आवाजात राग नव्हता. आई म्हणते, राग असता तर बरं झालं असतं.

वर आजी अजून हाका मारत होती. मावशीने मार्चेलचा खांदा सोडला, लंगडत दोन पावलं पुढे गेली आणि वर बघून ओरडली, स्वतःच्या गावठी, मोकळ्या आवाजात, "आई! घाबरू नकोस! ती इथे आहे, माझ्याजवळ! खाली आहे!"

"उतरली?"

"उतरली!"

"धरून ठेव तिला," आजी म्हणाली आणि उशीला टेकली.

मावशीने मागे येऊन आईचा दंड धरला. घट्ट धरला, दुखेल इतका. इन्द्रीने काठी आपटली, माता परत रस्त्याकडे वळली आणि बँड सुरू झाला. चर्चपर्यंत दोघी एक शब्द बोलल्या नाहीत.

मावशी रविवारी परत गेली. पुढे तिने आणखी नऊ सिनेमे केले, आणि शेवटच्या चारांत आवाज तिचाच आहे. मातेचा चेहरा नंतर कोणी बदलला नाही. 'तो बदला' असं सांगायला कोणाचं तोंडच उरलं नव्हतं. आई त्यानंतर एकतीस वर्षं दर शोकाच्या शुक्रवारी अनवाणी चालली. बाकीच्या बायका मिरवणूक संपली की पुढे जाऊन मातेच्या पायाला हात लावतात, वर बघून काहीबाही मागतात. आई निळ्या झग्यामागे थांबायची आणि तिथूनच घरी परतायची.